टगबोटीचं किट आणि वजनाचा खेळ

आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी मॉडेल बोट म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर पाण्यावरून सुसाट जाणारी स्पीडबोट येते. ती मजा आहेच, पण किट आणून स्वतः बनवायची असेल तर मी म्हणेन टगबोट बनवा. बंदरात मोठमोठ्या जहाजांना ढकलणारी, ओढणारी ती बुटकी दणकट बोट. माझी 1:20 स्केलची आता पाण्यात झकास चालतेय आणि तिच्याबद्दल कधीपासून लिहायचं होतं.

हलच्या, म्हणजे बोटीच्या मुख्य सांगाड्याच्या कामावर फार लिहीत नाही, कारण किटच्या ड्रॉइंगमध्ये ते सगळं असतं. प्लायवूडचे बल्कहेड (आडवे पडदे) तळाच्या कण्यावर बसवायचे आणि त्यावर लाकडी पट्ट्या चिकटवत जायच्या. फक्त एकच सांगतो, पट्टी एक डावीकडे लावली की पुढची उजवीकडे लावा, एकच बाजू पूर्ण करत बसलात तर हल पिळतो आणि मग तो सरळ होत नाही. आतून एपॉक्सीचा (सुकल्यावर कडक होणारा चिकट राळ) हात द्या, लाकूड पाणी पीत नाही.

खरा जीव लावायचा तो शाफ्टमध्ये, म्हणजे मोटरची फिरकी प्रोपेलरपर्यंत नेणाऱ्या दांड्यात. मोटर आणि प्रोपेलरचा शाफ्ट एका रेषेत नसतील तर आवाज येतो, बॅटरी उगाच खाल्ली जाते, दोघांना जोडणारं कपलिंग झिजतं. मी मोटरचा माउंट चिकटवताना युनिव्हर्सल जॉइंट (हेच ते कपलिंग, वाकू शकणारा सांधा) लावलाच नाही, त्याच्या जागी दोन्ही टोकांवर घट्ट बसणारी एक सरळ पितळी नळी घातली, म्हणजे मोटर आपोआप शाफ्टच्या रेषेत येते, एपॉक्सी सुकलं की नळी काढायची आणि जॉइंट लावायचा. शाफ्ट ज्या नळीतून बाहेर जातो तिच्यात ग्रीस भरलेलं हवं, पाणी आत न येण्याचं मुख्य कारण तेच. ग्रीस भरायला त्या नळीवर एक छोटी उभी नळी आधीच जोडून ठेवा, तिचं तोंड वॉटरलाइनच्या (बोट जिथपर्यंत पाण्यात बुडते ती रेषा) वर, कारण डेक बसल्यावर तिथे हात जात नाही.

आता वजन. हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. स्केल 1:20 असेल तर लांबी 20 पट कमी होते, पण वजन 20 गुणिले 20 गुणिले 20, म्हणजे 8000 पट कमी. 80 टनांची टग असेल तर मॉडेल 10 किलोचं व्हायला हवं, तरच ती रंगवलेल्या वॉटरलाइनपर्यंत बुडते. नुसती बांधलेली बोट एवढी भरत नाही, म्हणून मी 6 व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी घेतली, लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) हलकी असते आणि इथे हलकेपणाचा काही उपयोग नाही, उरलेलं वजन शिशाच्या छऱ्यांचं, छोट्या पिशव्यांत भरून. बाथटबमध्ये बोट सोडायची आणि पिशव्या पुढे-मागे, डावी-उजवीकडे सरकवत बसायचं. बॅटरी पट्ट्यानं आवळून बांधा, वळताना ती घसरली तर बोट कलंडू शकते.

आणि सगळं वजन एकदम तळाशी टाकलं की झालं असं नाही बरं का. तसं केलं तर बोट उलटणार नाही हे खरं, पण लाटेवर ती झटके देत डोलते आणि लगेच खेळणं वाटते. थोडं वजन जरा वर घेतलं की डोलणं संथ होतं, खऱ्या टगसारखं भारदस्त. किती वर घ्यायचं ते कागदावर नाही ठरत, हातानं एका बाजूला दाबून सोडायचं, ती सावकाश पण ठामपणे सरळ झाली पाहिजे. वरची केबिन आणि मास्ट (डोलकाठी) मात्र जितके हलके होतील तितके करा.

वेगाचा हिशोब वेगळा असतो, तिथे स्केलचं वर्गमूळ घ्यायचं. खरी टग 10 नॉटनं जात असेल तर मॉडेलला सव्वादोन नॉटच्या आसपास वेग हवा, म्हणजे ताशी साधारण 4 किलोमीटर, आपण आरामात चालतो तेवढा. त्यामुळे मोठी मोटर टाकण्यात काहीच अर्थ नाही, कमी आरपीएमची (मिनिटाला कमी फेरे घेणारी) मोटर आणि मोठा प्रोपेलर असंच हवं.

रेडिओ 2.4 गिगाहर्ट्झचा. हे सिग्नल पाण्यातून जवळपास जातच नाहीत, म्हणून रिसीव्हरची अँटेना वॉटरलाइनच्या वर हवीच. फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर काय करायचं ती सेटिंग) असा सेट करा की सिग्नल गेला की मोटर बंद. (निकोला टेस्लानं 1898 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी बोट दाखवली होती, रिमोटवरची मॉडेल विमानं वगैरे सगळं त्यानंतरचं, म्हणजे बोटवाल्यांचा मान पहिला!)

चालवताना खरी गंमत रिव्हर्समध्ये आहे. पुढे जाताना प्रोपेलरचं पाणी सुकाणूवर आदळतं म्हणून बोट ऐकते, रिव्हर्समध्ये ते पाणी उलट दिशेला जातं आणि सुकाणू जवळजवळ निकामी. शिवाय प्रोपेलर उजव्या फिरकीचा असेल तर मागे येताना बोटीची शेपटी डावीकडे सरकते. हे कळलं की ते वापरता येतं. धक्क्याला डावी बाजू लावायची, नाक थोडं तिरकं ठेवून सावकाश यायचं, शेवटी रिव्हर्सचा छोटा फटका द्यायचा की शेपटी आपोआप धक्क्याला येऊन टेकते. हे जमतं तेव्हा जो आनंद होतो तो स्पीडबोटीत मला कधी मिळाला नाही.

आता बार्ज (माल वाहणारा सपाट तराफा) बनवायला घेतलाय, टगनं ओढायला. टगचा दोर अडकवायचा हुक अगदी मागे नसतो, मध्याच्या जरा मागे असतो, कारण दोर शेपटीला बांधला तर टगला वळताच येत नाही. पण त्यात धोकाही आहे, दोर आडवा ताणला गेला तर टग कुशीवर ओढली जाते, खऱ्या टग अशानं बुडाल्यात. म्हणून हुक उघडायला वेगळा सर्व्हो (रिमोटच्या इशाऱ्यावर हलणारी छोटी मोटर) लावतोय, ट्रान्समीटरवरचं एक बटण त्यालाच दिलंय.