दोन राउटर जोडून घरातले नेटवर्क विभागताना: माझा अनुभव

कॅमेरे, स्मार्ट प्लग आणि टीव्ही ज्या नेटवर्कवर आहेत, त्याच नेटवर्कवर कामाचा संगणक आणि घरातले सगळे फोटो साठवलेली नेटवर्क डिस्क असावी, हे मला फार खटकत होते. अशा उपकरणांचे सुरक्षा अपडेट पुष्कळदा लवकर बंद होतात आणि त्यांपैकी एखादे परक्याच्या ताब्यात गेले, तर शेजारच्या यंत्रांपर्यंत पोहोचायला त्याला फारसा अडसर उरत नाही. एक जादा राउटर हाताशी होता आणि त्याचे फर्मवेअर (राउटरच्या आतले सॉफ्टवेअर) अजून अद्ययावत होत होते, म्हणून त्याच्या आधाराने नेटवर्कचे दोन भाग करायचे मी ठरवले.

सर्वांत जास्त विचार करावा लागला तो कोणते उपकरण कोणत्या बाजूला ठेवायचे याचा. इंटरनेटची लाइन ज्यात येते तो बाहेरचा राउटर, आणि त्याच्या लॅन पोर्टमधून (घरातली उपकरणे जोडायच्या जागेतून) निघालेली केबल ज्याच्या वॅन पोर्टमध्ये (इंटरनेटची लाइन घ्यायच्या जागेत) जाते तो आतला. आतला राउटर बाहेरच्या नेटवर्ककडे इंटरनेटसारखेच परके म्हणून पाहतो. आतून गेलेल्या विनंतीचे उत्तर तो येऊ देतो, पण बाहेरून आपणहून आलेली जोडणी नाकारतो. अडवणूक अशी एकाच दिशेने होत असल्यामुळे जपायची यंत्रे आत आणि कॅमेरे बाहेर, हीच मांडणी योग्य ठरते. कॅमेरे दुसऱ्या राउटरमागे नेऊन ठेवले, तर संरक्षण कॅमेऱ्यांना मिळते आणि संगणक त्यांच्यापुढे उघडाच राहतो.

दोन्ही राउटरचा पत्ता 192.168.1.1 असल्याने गोंधळ झाला असता, म्हणून एकमेकांना जोडण्याआधीच मी आतल्या राउटरचा पत्ता 192.168.2.1 केला आणि त्याचे डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते देणारी सोय) चालू ठेवले. बदल जतन करताच सेटिंगचे पान अडकते, कारण जुन्या पत्त्यावर आता कुणीच नसते. केबल काढून पुन्हा लावली आणि नवा पत्ता टाकला की पान उघडते. मग केबल जोडली आणि स्टेटसच्या पानावर वॅनचा पत्ता 192.168.1 ने सुरू होणारा, म्हणजे बाहेरच्या राउटरने दिलेला दिसला.

पडताळणीसाठी केवळ पिंगवर (यंत्र उत्तर देते का हे पाहणाऱ्या छोट्या संदेशावर) विसंबणे मला पटत नाही, कारण संगणकाची स्वतःची फायरवॉलही (नको त्या जोडण्या अडवणारी सोय) पिंग अडवू शकते. त्याऐवजी मी डिस्कचे पान आतल्या वाय-फायवरून उघडले, ते उघडले. बाहेरच्या वाय-फायवरून मात्र उघडले नाही. बाहेरच्या फोनवरून आतल्या राउटरच्या वॅन पत्त्यावरही जाऊन पाहिले, तिथे लॉगिनचे पान आले नाही, म्हणजे रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटरची सेटिंग बदलण्याची सोय) बंद होते.

प्रिंटर बाहेर ठेवला. तो आतल्या संगणकाला आपोआप सापडत नाही, म्हणून बाहेरच्या राउटरमध्ये त्याचा पत्ता राखून ठेवला आणि संगणकात तो हाताने भरला. फोनवरचे चित्र टीव्हीवर दाखवायचे असेल, तर फोन बाहेरच्या वाय-फायवर न्यावा लागतो. आतल्या यंत्रासाठी पोर्ट फॉरवर्डिंगची (इंटरनेटवरून आलेली जोडणी ठरावीक यंत्राकडे पाठवण्याची) गरज असणाऱ्यांना दोन्ही राउटरवर नोंद करावी लागेल.

आतली वाहतूक बाहेरच्या नेटवर्कमधूनच जात असल्याने, तिथले परक्याच्या ताब्यात गेलेले उपकरण ती स्वतःकडे वळवू शकते. एचटीटीपीएसमुळे (वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण सांकेतिक करणाऱ्या पद्धतीमुळे) मजकूर झाकलेला राहतो, तेवढे मला सध्या पुरेसे वाटते. ज्यांना ही फटही नको असेल, त्यांनी तिसरा राउटर घेऊन दोन्ही गटांना स्वतंत्र राउटरमागे ठेवावे.