पोस्टकार्डाखालचं वाक्य

दुपारी फडताळ आवरताना इरावती कर्व्यांचं 'परिपूर्ती' हाती आलं आणि त्यातून एक कोरं पोस्टकार्ड घरंगळलं. पंधरा पैशांचं, कडेनं पिवळं पडलेलं. कुणाला पाठवायचं राहून गेलं असं नव्हे, त्याचं काम वेगळंच होतं.

रविवारी सकाळी अप्पांचे दोन मित्र यायचे. चहा, खारी आणि वाचायला काहीतरी. एकजण मोठ्यानं वाचायचा. शेवट आला की अप्पा त्यावर पोस्टकार्ड ठेवायचे आणि माझ्याकडे बघायचे. "हं, तू काय लिहिलं असतंस?"

मी तेव्हा निबंधातला हुकमी दहापैकी आठवाला. 'सूर्यनारायण आपल्या सोनेरी किरणांनी' हे सहलीलाही लावायचो आणि आवडत्या नेत्यालाही. 'परिपूर्ती' या लेखात इरावतीबाईंची सभेत ओळख करून देतात, महर्षी कर्व्यांची सून वगैरे. सगळं खरं, तरी बाईंना काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. मग वाटेत पोरांचं बोलणं कानावर पडतं, ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. तिथं पोस्टकार्ड. मी मातृत्वावर सात ओळी ठोकल्या. वात्सल्याचा सागर होताच. अप्पांनी कार्ड उचललं. बाईंनी केव्हाच आवरतं घेतलं होतं.

'बनगरवाडी'वरून तर तिघांची जुंपलीच. 1955 सालचं पुस्तक, पण भांडण कालच छापून आल्यासारखं. दुष्काळात वाडी उठते ते व्यंकटेश माडगूळकरांनी फार कोरडं लिहिलंय, असं एका काकांचं म्हणणं.

"दुष्काळ ओला कसा लिहिणार?" अप्पा म्हणाले.

काकांनी चहात बुडवलेली खारी तुटून नेमकी पुस्तकावर पडली. तो डाग अजून आहे. वाद मिटला नाही.

यातून मी लिहायला शिकलो का, कुणास ठाऊक. दुसऱ्यांची विशेषणं खोडायची खोड मात्र लागली. लग्नपत्रिकासुद्धा सुटत नाहीत. स्वतःची विशेषणं सगळी गरजेचीच वाटतात.

आज सोसायटीच्या ग्रुपवर टाकी धुण्याची सूचना लिहायची होती. गंमत म्हणून मोबाइलवर शेवटच्या ओळीपाशी पोस्टकार्ड धरलं. 'सर्व सभासदांनी सहकार्य करावे ही नम्र विनंती.' खाली काहीच अडत नव्हतं. काढून टाकली ओळ.

दहा मिनिटांत सेक्रेटरींचा फोन. "अहो, सहकार्याचं राहिलं की."

घातली परत.