‘वैयक्तिक’ बसेना

१० नोव्हेंबर २०१६. नोटाबंदीनंतर बँका उघडल्याचा पहिला दिवस. पान एकवर रांगाच रांगा. रात्रपाळीला मी डाक आवृत्ती, म्हणजे तालुक्यांना जाणारा लवकरचा अंक, लावत होते, तेवढ्यात वृत्तसंस्थेची कॉपी आली. दिल्लीत एका पुस्तक प्रकाशनात संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर वैयक्तिक मत म्हणून म्हणाले होते की, अण्वस्त्र आधी वापरणार नाही असं बांधून का घ्यायचं? आपण जबाबदार अण्वस्त्रधारी आहोत, बेजबाबदारपणे वापरणार नाही, एवढं पुरे.

या धोरणाचं इंग्रजी नाव ‘नो फर्स्ट यूज’. त्याच्या मराठीने मला कायम छळलंय. ‘प्रथम वापर नाही’ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, अजून वापर झालेला नाही. ‘आधी वार न करणे’ म्हणावं तर त्यात साधी तोफही आली. आणि ‘अणुवार’ म्हणजे आठवड्याचा आठवा वार!

मी हौसेने चौकट केली. ४ जानेवारी २००३ ला सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीने जाहीर केलेलं धोरण: आपल्या भूमीवर किंवा कुठेही असलेल्या आपल्या सैन्यावर अणुहल्ला झाला तरच अण्वस्त्र, पण मग प्रत्युत्तर प्रचंड, शत्रूला न सोसवणारं. आणि टीव्हीवरच्या पंडितांना हमखास न आठवणारं कलम: मोठा जैविक किंवा रासायनिक हल्ला झाला तर अण्वस्त्राने उत्तर देण्याचा पर्याय राखीव. ती चौकट ऐनवेळी आलेल्या जाहिरातीने खाल्ली.

मथळ्याशी झटापट सुरू होती. ऑपरेटर म्हणाला, “ताई, तीन कॉलमांत ‘वैयक्तिक’ बसत नाहीये.”

“काढ मग.”

‘अण्वस्त्र धोरण बदलणार?’ प्रश्नचिन्ह टाकलं की आपण सुटलो, ही आमच्या धंद्यातली जुनी समजूत.

हे मंत्र्यांचं वैयक्तिक मत आहे, हा मंत्रालयाचा खुलासा आला तेव्हा डाकच्या गाड्या निघून गेल्या होत्या. शहर आवृत्तीत मथळा दुरुस्त केला. मग मूळ कॉपी शेवटपर्यंत वाचली. ‘धोरण बदललं, असं उद्या कुणी तरी फ्लॅश करेल, सरकारचं धोरण बदललेलं नाही,’ हे पर्रीकर त्याच भाषणात बोलले होते. जागेसाठी आम्ही बातमीचं शेपूट कापतो. ते वाक्य शेपटात होतं.

सकाळी तालुक्याहून एका वाचकाचा फोन. “आता आपणच आधी टाकणार ना? झकास!” तसं नाही हो काका, म्हणत मी दहा मिनिटं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “बरं, पाचशेच्या नोटा सोसायटीत घेतील का?”

१६ ऑगस्ट २०१९ ला संरक्षणमंत्री राजनाथ सिंह पोखरणमध्ये म्हणाले की आजवर आपलं धोरण आधी न वापरण्याचं आहे, पुढचं परिस्थितीवर. योगायोगाने रात्रपाळी माझीच होती. या वेळी ‘आजवर’साठी मी फोटो अर्धा कॉलम कापायला लावला. नवा ऑपरेटर वैतागला होता.

“एका शब्दासाठी, मॅडम?”