टिकलीवाली शेगडी

दिवाळीत मोठ्या हौसेने आईसाठी नवीन इंडक्शन शेगडी आणली. एमजी रोडवरच्या दुकानातून. काळीभोर चकचकीत काच, एक बटण नाही, बोट टेकवलं की लाल आकडे उजळतात, दुकानदार म्हणाला "साहेब, फुल टच आहे" आणि मीही असा खूश झालो की जणू इतकी वर्षं शेगडीला बटण होतं हीच काय ती आमच्या घराची अडचण होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने कणकेच्या बोटाने चालू करायला बघितली, ढिम्म. हात धुवून आली, ओलं बोट ठेवलं तर एकदम दोन-तीन खुणा पेटल्या. मग दूध ठेवलं, ते उतू जाऊन काचेवर पसरलं, शेगडी टूं टूं करून बंद. आईने ओल्या फडक्याने पुसायला घेतलं तर पुसता पुसता चाइल्ड लॉक लागलं. म्हणजे सत्तरीतल्या बाईच्या हातून तिच्याच स्वयंपाकघरात चाइल्ड लॉक. "अरे, ही शेगडी आहे का रुसूबाई?" असं म्हणून तिने सरळ गॅस पेटवला.

यात तशी शेगडीची चूक नाही. त्या काचेखाली हलकंसं विद्युत क्षेत्र असतं, बोट जवळ गेलं की त्यात फरक पडतो, तेवढाच तिला कळतो, दाबणं-बिबणं काही कळत नाही. पाण्यातून आणि दुधातूनही वीज वाहते, त्यामुळे तिच्या लेखी आईचं बोट आणि सांडलेलं दूध सारखंच. मोबाईलला हे चालून जातं, २००७ साली स्टीव्ह जॉब्सने आयफोन दाखवला तेव्हा जवळजवळ सगळी बटणं काढून समोर काचच ठेवली ते बरोबरच होतं, कारण मोबाईल आपण बघत बघतच वापरतो. पण कांदा चिरताना शेगडीकडे कोण बघतं हो?

उलट कुकर बघा. त्याला ना डिस्प्ले ना ॲप, आई देवघरात असली तरी तिला तीन शिट्ट्या बरोबर ऐकू येतात. आमच्या कोपऱ्यावरच्या मिसळवाल्याकडचा तो बोलका डबापण तसाच, पेटीएमने २०१९ मध्ये साउंडबॉक्स आणला आणि मग बाकीच्यांनीही आणले. मला तर गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात हुशार यंत्र तेच वाटतं (इथे माझा मुलगा हसतो). मिसळवाल्याचा एक हात तर्रीच्या पळीवर, दुसरा पावाच्या लादीवर, समोर रविवारची गर्दी, तो मोबाईल काढून मेसेज कधी बघणार? डबा ओरडतो "ऐंशी रुपये प्राप्त झाले" आणि हा मान न वळवता पुढची प्लेट भरतो.

तर शेगडी. आठवड्याभराने बघतो तर शेगडी परत चालू, आई मजेत भाजी परतत होती, आणि काचेवर दोन टिकल्या चिकटवलेल्या! चालू-बंदच्या खुणेला लागून मोठी, प्लसच्या बाजूला बारीक खड्याची. आई हात पुसते, न बघता बोटाने टिकली चाचपते, मग बोट जरा उजवीकडे सरकवते, की झालं. मला एकदम जुन्या मोबाईलच्या ५ नंबरवरचा उंचवटा आठवला, कीबोर्डच्या एफ आणि जे वरच्या त्या बारीक रेघा आठवल्या, त्याही याचसाठी असतात, बोटाला न बघता घर सापडावं म्हणून. आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिच्याकडे फक्त टिकल्यांचं पाकीट होतं, तेही माझ्या बायकोचं.

मग काय, वॉशिंग मशीनला टिकली, मायक्रोवेव्हला टिकली. बायको म्हणाली, "आई, निदान डिझायनर पाकिटातल्या तरी नका ना लावू."

परवा आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होतो, नव्या गाडीतून. एसी कमी करायचा तर आधी स्क्रीनवर गाणी बंद करा, मग एसीचं पान उघडा, मग तो पंखा शोधा, आणि हे सगळं द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमध्ये, मागचा रिक्षावाला हॉर्न देतोय. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणाऱ्या युरो एनकॅपने तर २०२६ पासून नियमच केलाय, इंडिकेटर, वायपर, हॉर्न वगैरेंना हाताला लागेल असं वेगळं बटण नसेल तर मार्क कापणार. एसी त्यात नाही, माझं नशीब.

आई म्हणाली, "थांब, माझ्या पर्समध्ये आहे टिकली."

म्हटलं अगं उपयोग नाही, आत्ता जिथे पंखा आहे तिथे पान बदललं की गाणी येतात, मग नकाशा येतो.

ती जरा वेळ त्या स्क्रीनकडे बघत राहिली. "म्हणजे मिठाच्या डब्यात कधी मीठ, कधी साखर?"

मी काही बोलायच्या आत सिग्नल सुटला. एसी तसाच राहिला, आईने पदर कानावरून घट्ट ओढून घेतला.