मोजणीत न बसलेली टेकडी

आम्सटरडॅमला येणाऱ्या मराठी पाहुण्यांना मी चित्रांच्या जागा दाखवते. त्या दिवशी सोबत एक काका-काकू होते. काकांची सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात, भूकरमापक म्हणून झालेली.

आम्स्टेल नदीकाठच्या औडरकेर्क गावात पोर्तुगीज ज्यूंचं 1614 पासूनचं दफनस्थान आहे. डच चित्रकार याकोब व्हान राउसडालने 1650च्या दशकात ते रंगवलं, तेही दोनदा. एक चित्र ड्रेस्डेनला, दुसरं डेट्रॉइटला. मी टॅबवर डेट्रॉइटचं चित्र उघडलं आणि नेहमीचं सांगू लागले: वठलेलं झाड म्हणजे मरण, वाहता ओढा म्हणजे काळ, इंद्रधनुष्य म्हणजे आशा...

काकांनी टोपी सारखी करत चहूकडे पाहिलं. "टेकडी कुठाय?"

टेकडी नाहीच. ओढाही नाही. जमीन पाटासारखी सपाट आणि इतकी दलदलीची, की कित्येक थडगी मातीत खचली आहेत. चित्रातले भग्नावशेष तर दूर किनाऱ्याजवळच्या एग्मंड गावचे.

"म्हणजे खोटा नकाशा!"

"अहो, चित्र आहे ते," काकू म्हणाल्या.

मग एलियाहू मोंटाल्टोचं थडगं दाखवलं. फ्रान्सची राणी मारी द मेदिची हिचा हा वैद्य 1616 मध्ये वारला. काका दगडाकडे आणि टॅबकडे आलटून पालटून बघत राहिले. राउसडालने या थडग्यांची केलेली रेखाटनं हार्लेमच्या टायलर्स संग्रहालयात आहेत, हेही मी सांगितलं.

"दगड चोख उतरवलेत की यानं," ते सावकाश म्हणाले. "इतका हात बसलेला माणूस टेकडी चुकून घालणार नाही. मुद्दाम घातलीय."

प्रतीकांची माझी यादी त्यापुढे अगदीच शाळकरी वाटली. थडगी खरी, म्हणून त्यांच्यामागचं वादळ पोकळ वाटत नाही. नुसत्या वठलेल्या झाडाने एवढं काळीज हललं नसतं. 1816 मध्ये जर्मन कवी गटेने ड्रेस्डेनच्या चित्रावर लिहिलं, की ही मोडकी थडगी आता स्वतःचीच थडगी झाली आहेत. ते काकूंना फार आवडलं, त्यांनी पुन्हा सांगायला लावलं.

परतीच्या बसमध्ये काकांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून घेतली. थडगी तीच, अवशेष वेगळे. "एकाच गटाचे दोन नकाशे," ते पुटपुटले, आणि चष्मा पुसून फरक टिपायला बसले.