बाळाच्या टाळूवरची खपली आणि तेलाचा हिशोब

बाळ तीन-चार आठवड्यांचं झालं की टाळूवर पिवळसर, मेणचट पापुद्रे दिसायला लागतात. बोट फिरवलं तर वरून खरखरीत आणि कडेला चिकट लागतं. जावळातले चार-दोन केस त्यात रुतून बसलेले असतात. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "डोकं नीट धुतलं जात नाही वाटतं," आणि आधीच रात्र-रात्र जागणाऱ्या बाळंतिणीला ते लागतं. म्हणून आधी तेवढं बोलून घेऊ. ही घाण नाही. आईच्या खाण्यापिण्यामुळे किंवा अंगावरच्या दुधामुळेही हे होत नाही. याचा संसर्ग होत नाही, बाळाला दुखत नाही आणि सहसा खाजतही नाही. डॉक्टर याला क्रेडल कॅप म्हणतात. बहुतेक बाळांमध्ये काही आठवड्यांत ते कमी होत जातं आणि वर्षाच्या आत आपोआप जातं.

आईच्या शरीरातली संप्रेरकं पोटात असतानाच बाळापर्यंत पोहोचलेली असतात. त्यांच्या प्रभावाने बाळाच्या तैलग्रंथी जन्मानंतर काही महिने जोरात काम करतात. या तेलकट त्वचेवर मॅलासेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक सूक्ष्म बुरशी, वाढतं. ते आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर असतं, पण बाळाच्या टाळूवर त्याला खाणं भरपूर मिळतं. त्वचेच्या पेशी एरवी एकेक करून गळतात, इथे त्या तेलात एकमेकींना चिकटून थर धरतात.

आता आपल्याकडच्या सवयीकडे येऊ, कारण गडबड तिथेच होते. टाळू भरायची म्हणून बाळाच्या डोक्यावर तेलात भिजवलेला कापूस ठेवतात, नाहीतर हातभर तेल जिरवतात, आणि वर कुंची बांधतात. टाळूचं हाड तेलाने भरत नाही. ते आपल्या वेळेने, साधारण १२ ते १८ महिन्यांत जुळून येतं. तेल मात्र दिवसभर तिथेच राहतं आणि कुंचीच्या उबेत यीस्टचं फावतं. मॅलासेझियाला स्निग्धाम्लं, म्हणजे तेल-चरबीतले मूळ घटक, स्वतः बनवता येत नाहीत, ती बाहेरूनच घ्यावी लागतात. प्रयोगशाळेत हे यीस्ट वाढवायचं तर त्यावर ऑलिव्ह तेलाचा थर देतात, एवढं सांगितलं तरी पुरे. तेलाचं काम खपली मऊ करण्यापुरतं. ते झालं की तेल डोक्यावरून उतरलं पाहिजे.

कोणतं तेल? सुगंध नसलेलं पातळ बेबी ऑइल, म्हणजे खनिज तेल, सगळ्यात सोयीचं, कारण यीस्टला ते पचत नाही. घरचं खोबरेल तेलही वेळेत धुऊन काढणार असाल तर चालतं. ऑलिव्ह आणि मोहरीचं तेल नको, पहिल्याने त्वचेचं संरक्षक आवरण कमकुवत होतं आणि दुसऱ्याने त्वचेची आग होते. एरंडेल इतकं घट्ट असतं की दोनदा शाम्पू लावूनही निघत नाही.

अंघोळीआधी अर्धा चहाचा चमचा तेल वाटीत घ्या. बोटाच्या टोकाने फक्त खपली असलेल्या जागीच लावा. १५ ते २० मिनिटं थांबा. खपली जाड असेल तर अर्धा तास, पण रात्रभर नाही. मग मऊ केसांच्या बेबी ब्रशने, किंवा त्यासाठीच वेगळ्या ठेवलेल्या नव्या मऊ टूथब्रशने, दोन-तीन मिनिटं लहान गोल फिरवत घासा. टाळूच्या मऊ भागाला हात लावायची भीती बाळगू नका. तिथलं आवरण चिवट असतं, हलका ब्रश त्याला काही करत नाही. भीतीपोटी तेवढाच भाग वगळला जातो आणि सगळ्यात जाड खपली नेमकी तिथेच साचते.

त्यानंतर धुणं. मालिशवाल्या मावशी पाटावर बसून बाळाला पायांवर घेतात, तीच पद्धत ठेवा. फक्त कपाळावर आडवा तळहात धरा, म्हणजे पाणी डोळ्यांत उतरणार नाही. पाणी कोपराला कोमट लागेल इतपतच. वाटाण्याएवढा बेबी शाम्पू तळहातावर फेस करून लावा, मिनिटभर चोळा आणि तांब्याने पाणी घालत धुवा. मग बोटाने केस घासून पाहा. अजून बुळबुळीत लागलं तर पुन्हा एकदा तेवढाच शाम्पू. ही दुसरी फेरी बहुतेक घरांत होत नाही, आणि "आठवडाभर तेल लावतोय, उलट वाढलंय" ही तक्रार बऱ्याचदा त्यातूनच येते. डोकं टिपून कोरडं करा आणि नंतर पुन्हा तेल लावू नका.

हे एक दिवसाआड, आठ-दहा दिवस करा. पहिल्याच दिवशी सगळं निघावं असा हट्ट नको. आपणहून सुटलेले पापुद्रेच काढायचे. नखाने किंवा उवांच्या फणीने ओढलं की खालची ओली त्वचा उघडी पडते, रक्त येतं, जंतू शिरतात. पापुद्र्याबरोबर थोडे केस गेले तर घाबरू नका, ते परत येतात. साफ झाल्यावर आठवड्यातून एक-दोनदा शाम्पू पुरतो.

डाळीचं पीठ डोक्याला लावू नका. ते तेलात कालवलं जाऊन पापुद्र्यांखाली वाळतं, मग ते आणि खपली वेगळं ओळखूही येत नाही. साबण अल्कधर्मी असल्याने त्वचा कोरडी पाडतो. मोठ्यांचा कोंड्याचा शाम्पू तर नकोच. काहींमध्ये सॅलिसिलिक आम्ल असतं, ते बाळाच्या पातळ त्वचेतून शरीरात जातं. जावळ काढायचं असेल तर आधी खपली जाऊ द्या, तिच्यावरून वस्तरा फिरला की चिरा पडतात. घरात पंखा असेल आणि हवा उष्ण असेल तर कुंची काढून ठेवा.

खपली भुवयांवर आणि कानांमागेही येते. तिथे शाम्पूच्या पाण्यात बुडवलेलं मऊ सुती फडकं हलकेच फिरवून स्वच्छ पाण्याने पुसा. मान, काख आणि जांघेच्या घड्यांत लालसरपणा दिसला तर तेल अजिबात नको. तिथे कोरडं ठेवणं हाच उपाय.

दोन-तीन आठवडे नीट करूनही फरक नसेल, पाणी किंवा पिवळा द्रव झिरपत असेल, वास येत असेल, खपली चेहऱ्यावर-अंगावर पसरत असेल, किंवा बाळ डोकं घासून चिडचिड करत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ताप असेल तर त्याच दिवशी. खूप खाज आणि गालांवर कोरडे चट्टे असतील तर तो एक्झिमा असू शकतो, त्याची काळजी वेगळी. डॉक्टर गरज पाहून किटोकोनॅझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू किंवा थोडे दिवस हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टिरॉइड मलम देतात. शेजारच्या बाळाची उरलेली ट्यूब मात्र वापरू नका. वर्ष उलटूनही खपली जात नसेल, किंवा तिच्यासोबत जांभळट ठिपके, सततचे जुलाब, वजन न वाढणं असं काही असेल, तर लवकर तपासून घ्या.

सावळ्या बाळांमध्ये लाली फारशी दिसत नाही. खपली गेल्यावर तिथे फिकट डाग राहतात आणि त्यांना कोड समजून घरचे हादरतात. ते कोड नसतं. पुढच्या काही आठवड्यांत, कधी महिन्यांत, रंग हळूहळू भरून येतो. त्यावर काही लावायची गरज नसते.