दुकान पळवणारे वडील

आठवीत असताना इंग्रजीच्या तासाला 'हिज फादर रन्स अ शॉप' या वाक्याचे मी 'त्याचे वडील दुकान पळवतात' असे भाषांतर केले आणि वर्गात हशा पिकला. सर मात्र न हसता एवढेच म्हणाले, "मग पोलिसांत वर्दी द्यायला हवी." त्यांनी फळ्यावर मधोमध 'रन' लिहिले आणि उरलेला तास त्या एका शब्दाला दिला.

कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाखालून वाहते, सांगली-मिरज एसटी ये-जा करते, सर्दीत नाक गळते, कच्चा रंग पहिल्याच धुण्यात उतरतो आणि वडील दुकान चालवतात, या सगळ्या ठिकाणी इंग्रज 'रन'वरच भागवतो, हे त्यांनी उलगडून दाखवले. निवडणुकीत अमेरिकेतला उमेदवार 'रन' करतो, इंग्लंडातला मात्र आपल्याकडच्यासारखा 'उभा' राहतो, याची त्यांना विशेष गंमत वाटे. सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी जानेवारी १९४८ मध्ये अॅडलेडच्या कसोटीत ११६ आणि १४५ अशी दोन्ही डावांत शतके काढली, हे सांगून त्यांनी विचारले की, चेंडू सीमेपार गेल्यावर फलंदाजाला न पळताही चार 'रन' मिळतात, तर त्यात पळणे उरले कुठे?

पुढे मी छपाईच्या धंद्यात पडलो. तेथे 'रन किती?' म्हणजे प्रती किती काढायच्या. ज्या स्मरणिकेसाठी हे लिहितो आहे, तिच्याबाबतही माझा पहिला प्रश्न तोच होता. ऑक्सफर्डच्या बृहद् इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वाधिक अर्थांचा मान 'सेट'कडे होता. नव्या संपादनात 'रन' या क्रियापदाचेच ६४५ अर्थ भरल्याचे २०११ साली वाचले, तेव्हा ते सांगायला सर राहिले नव्हते.

इंग्रजीला हसणाऱ्या आम्हांला सरांनी घरी जाताना 'लागणे' या क्रियापदाचे अर्थ मोजायला सांगितले होते. भूक लागते, ठेच लागते, चिंच आंबट लागते, निकाल लागतो, कुणी आपला मामा लागतो. स्टँडवर गाडी लागते आणि तीत बसल्यावर एखाद्याला गाडीच लागते, हे तर परक्याला समजावणे मला आजही जमलेले नाही. शेतकऱ्याच्या एका मुलाने उसाची 'लागण'ही यादीत घालायचा हट्ट धरला, पण ते नाम असल्याने सरांनी ते धरले नाही. आमची यादी अडतिसावर थांबली, कारण मग उन्हाळ्याची सुट्टी लागली; आणि नेमका तो अर्थ यादीत राहूनच गेला.